निजलेला पाहुणा, खोट्या पायांचा घोडा

आमच्या दवाखान्यात दोन गोष्टी साठत जातात. एक रिकाम्या सलाईनच्या बाटल्या आणि दुसरे किस्से. बाटल्या भंगारवाला घेऊन जातो. किस्से कुणीच नेत नाही! ते न्यायला ऐकणारं माणूस लागतं, आणि कुंभकोणममध्ये माझ्या भाषेत ऐकणारं माणूस कुठून आणायचं? म्हणून मग राहतात पडून. आज तुम्ही सापडलात, तेव्हा आता सुटका नाही.

मी घोड्यांची डॉक्टर, मूळची मिरजेची. पुण्याकडे तबेल्यांमध्ये काही वर्षं काढली. मग इथल्या एका खासगी दवाखान्याला 'घोड्यांचा अनुभव असलेली व्यक्ती' हवी असल्याचं कळलं, आणि मी अर्ज केला. किती मोठी निवड झाली माझी म्हणून मी खूश! नंतर समजलं, अर्ज मुळी एकच आला होता.

दवाखान्याच्या मालकांना सगळे 'मोठे डॉक्टर' म्हणतात. ते माझ्याशी इंग्रजीत बोलायचे, औषधं देणारी सेल्वी तमिळमध्ये, आणि मी हातवाऱ्यांनी. दिवस निघून जायचा. संध्याकाळी खोलीवर आलं की मात्र घर खायला उठायचं. तुमच्यापासून काय लपवायचं, सुरुवातीचे काही आठवडे मी भाजी निवडताना भाजीशी मराठीत बोलत होते. मेथी असती तर निदान ओळखीची तरी वाटली असती. इथे सगळी मुरुंगैची, म्हणजे शेवग्याची पानं!

*

एकदा दवाखान्याच्या पायरीवर बसून मी फोनवर आईशी भांडत होते. अगदी मिरजेच्या पट्टीत. फोन ठेवला तर समोर एक म्हातारे गृहस्थ उभे. कमरेला पांढरी वेष्टी, खांद्यावर पंचा, कपाळावर नाम. माझ्याकडे असे बघत होते, जणू मीच त्यांची हरवलेली वस्तू आहे.

"तुम्हीं मराठें काय?" ते म्हणाले.

मी उडालेच! "तुम्ही पण?"

"आम्ही येथेंच आहों. शिवाजीमहाराजांचे भाऊ तंजावरास आले, त्यांच्या मागोमाग आम्ही आलों. परत जायाचें राहूनच गेलें."

हे रायरकाका. इकडे मराठी घरातल्या माणसाला तमिळ लोक 'रायर' म्हणतात, त्याला मी मिरजेचा 'काका' जोडून दिला. पोस्टातून निवृत्त झालेले, मरुदानल्लूरला राहणारे. बायको गेलेली, मुलगा कॅनडात. घरात उरलेले दोन घोडे: म्हातारी होत चाललेली पांढरी घोडी काशी, आणि मुत्तू नावाचा तिचा जोडीदार. देवळाच्या मिरवणुकीला, लग्नाच्या वरातीला दोघं जायची.

मी आनंदाने सुटलेच. बडबड बडबड केली. काकांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "तुम्हीं बोलता तें बरें आहे. पण यांत मराठी कोठें आहे?"

"म्हणजे?"

"अर्धें हिंदी, अर्धें इंग्लिश. आम्हीं आमचें मराठी बरणींत घालून ठेविलें. तुम्हीं उघडें ठेविलेंत, मुंग्या लागल्या!"

*

काशी शिंकत होती. नाकातून पाणी, अंगात ताप, खाण्यावर वासना नाही. बाहेरगावच्या जत्रेतून आणलेला कुणाचा तरी घोडा एका वरातीत तिच्या शेजारी उभा होता, तोही शिंकत होता म्हणे. मी नाकातला नमुना तपासायला पाठवला. उत्तर आलं, घोड्यांचा हर्पिस.

मी काकांना नाव सांगितलं. ते घरी गेले. दुसऱ्या दिवशी सकाळी दवाखाना उघडायच्या आत दारात हजर, चेहरा लालबुंद.

"डॉक्टरम्मा, मुलास फोन केला. त्यानें इंटरनेटांत पाहिलें." मग आवाज एकदम खाली आणून, "काशी देवळाची घोडी आहे. ती तसली नव्हे!"

माणसांतला एक हर्पिस शरीरसंबंधातून पसरतो, मुलाने नेमका तोच वाचला होता. मी हसू दाबत त्यांना खाली बसवलं. म्हटलं, काका, हर्पिस हे नुसतं आडनाव आहे. कुटुंब फार मोठं. माणसाच्या कांजिण्या याच कुटुंबातल्या. घोड्यांचे वेगळे, गाईंचे वेगळे, आणि एकाच्या वागण्यावरून दुसऱ्याला बोल लावता येत नाही. घोड्यांचा हा नाकावाटे शिरतो. कधी नुसती सर्दी करतो, कधी गाभण घोडीचा गाभ पाडतो, आणि क्वचित पाठीच्या कण्यात उतरून पाय काढून घेतो.

काका मान डोलावून म्हणाले, "सरी, बरें. आमच्या घराण्यांतही आहेत तसे. नांव एक, गुण एकेकाचे!"

*

ताप उतरला. काकांना वाटलं, संपलं. मला खरं सांगणं भाग होतं.

"गेला नाही तो. आत नसांच्या गाठीत जाऊन निजलाय. जन्मभर तिथंच राहील. काशीला त्रास झाला, दगदग झाली, एकटं वाटलं, की जागा होईल."

"निजला आहे?"

"निजलाय."

पुढच्या आठवड्यात मी मरुदानल्लूरला गेले. नेहमी त्या गल्लीत कुणा ना कुणाच्या घरी भजन चालू असतं, त्या दिवशी सगळं चिडीचूप. फाटकाशी शेजारीण तोंडावर बोट धरून उभी. काका चपला हातात घेऊन अंगणातून चालत आले. तबेल्याच्या दाराला कुरकुर नको म्हणून तेल घातलेलं, काशीच्या गळ्यातली घंटा कापडात गुंडाळलेली.

"काय झालं?" मी घाबरून विचारलं.

"श्श!" काका माझ्या कानाशी आले. "निजला आहे. उठेल!"

मी त्यांना समजावायला निघाले, तेवढ्यात काशीकडे लक्ष गेलं. काशी इतकी निवांत मी कधी पाहिली नव्हती. एक पाय सैल सोडून, डोळे अर्धे मिटून, मुत्तूच्या पाठीवर हनुवटी टेकून उभी होती. मी पण आवाज खाली आणला आणि कुजबुजले, "उत्तम! असंच चालू ठेवा."

*

काकांना एक प्रश्न मात्र छळत होता. "देहांत इतके शिपाई आहेत म्हणतात. मग हा सांपडत कसा नाहीं?"

आम्ही त्यांच्या ओसरीवर बसलो होतो. समोर दारात शेजारणीने सकाळी काढलेला कोलम होता. इकडे रोज पहाटे बायका दारापुढे तांदळाच्या पिठाची रांगोळी काढतात, तिला कोलम म्हणतात. मला एकदम सुचलं.

म्हटलं, अंगातली प्रत्येक पेशी आपल्या दारात असाच कोलम काढते. आत काय शिजतंय त्याचा नमुना बाहेर मांडून ठेवते. शिपाई गस्त घालतात ते कोलम बघत. नक्षीत काही परकं दिसलं की आत घुसून पेशीच मारून टाकतात. हा विषाणू काय करतो, आत शिरला की आधी दारातला कोलम पुसतो! शिपाई पुढे निघून जातात. आणि गावभर फिरायचं असलं की शिपायांच्याच गाडीत बसतो, रक्तातल्या पांढऱ्या पेशींच्या पोटात. बाहेर लस टोचून तयार केलेली फौज उभी असते, ती गाडीला सलाम ठोकते. म्हणून लस घेतली तरी सर्दी सौम्य होते, पण कण्यात उतरायचा तो कधीकधी उतरतोच.

"पण कोलम नाहीं म्हटल्यावर शेजारीण विचारायाला येईलच की," काका म्हणाले. "आमच्या येथें दारांत कोलम नसला म्हणजे घरांत कांहीं अशुभ झालें."

"तशाही पेशी आहेत, कोलम नसला की चौकशीला येणाऱ्या. त्यांनाही हा बरंचसं चुकवतो."

काकांनी सुपारी कातरायची थांबवली. "तुमच्या दारांत कोलम कोण काढतो, डॉक्टरम्मा?"

"मी वरच्या मजल्यावर राहते काका. माझं दार जिन्यात उघडतं. तिथं कोण काढणार?"

"अय्यो," ते म्हणाले. "म्हणजे तुम्हांस कांहीं झालें तर आम्हांस कळायाचेंच नाहीं!"

मी हसले. बसने खोलीवर परत येताना मात्र ते वाक्य माझ्या शेजारच्या सीटवर बसून आलं.

*

पुढे एका लांबच्या लग्नाला घोडी हवी म्हणून गळ घातली गेली. नात्यातलं लग्न, काकांना नाही म्हणवेना. काशी भर उन्हात लॉरीत उभी राहून गेली, फटाक्यांत नाचली, तशीच परत आली. चार दिवस तापली. मग एका सकाळी काकांचा फोन आला. त्यांना मराठी सुचत नव्हती, तमिळ सुचत नव्हती. नुसतं "काशी, काशी" म्हणत होते.

मी पोचले तेव्हा काशी मागच्या पायांवर कुत्र्यासारखी बसली होती. पुढचे पाय रोवून उठायला बघत होती आणि मागचं धड तिचं ऐकत नव्हतं. शेपटी ओल्या दोरीसारखी लोंबत होती. जागा झाला होता. कण्याच्या बारीक रक्तवाहिन्यांना सूज आणली होती त्याने.

मुत्तूला लागण नको म्हणून त्याला ताबडतोब वेगळं करून सुंदरपेरुमाळ कोयिल या जवळच्या गावी एका शेतकऱ्याच्या गोठ्यात एकटा ठेवला. पण काशीला उभं कसं करायचं? घोडं फार वेळ आडवं पडलं की स्वतःच्याच वजनाने मरतं. मोठे डॉक्टर म्हणाले, क्रेन! क्रेन गल्लीत शिरेना.

शेवटी सेल्वीचा मामा आठवला. तो स्वामीमलैला पंचधातूच्या मूर्ती ओततो. तो आपली साखळीची कप्पी, जाडजूड दोर आणि दोन माणसं घेऊन आला. तबेल्याच्या तुळईला कप्पी लावली, पोटाखालून गोणपाटाचा झोपाळा घातला, आणि नटराज चढवावा तशी काशी हळूहळू वर आली. सगळ्यांनी श्वास रोखलेला. तेवढ्यात तिने पुढच्या पायाची लाथ अशी झाडली की मामा थेट गवताच्या गंजीत!

तो उठला, अंगावरचं गवत झटकलं आणि वर लटकणाऱ्या काशीला हात जोडून म्हणाला, "इतक्या देवांना उचललं, पण लाथ पहिल्यांदाच मिळाली!"

*

औषधं चालू होती. नळी घालून लघवी काढत होतो. पाय थोडे थोडे ऐकायला लागले होते. पण काशी खाईना. गूळ नाही, गवत नाही, काकांच्या हातचा भातही नाही. मान खाली घालून भिंतीकडे बघत राहायची. मधूनच मुत्तूच्या रिकाम्या जागेकडे वळून अशी खिंकाळायची की काका उठून आत निघून जायचे.

एकदा आतून परत आले ते डोळे पुसतच. "ती गेली तर या घरांत मी कोणाशीं मराठींत बोलूं?" म्हणाले. तेव्हा मला समजलं की भाजीशी बोलणारी मी एकटीच नव्हे.

मी म्हटलं, "काका, घोडं हे कळपातलं जनावर. एकटं पडलं की ते एकटेपणच त्याला खातं, रोगाआधी. तिला तिच्यातलं कुणीतरी दिसायला हवं. जवळ नको, अंगणाच्या त्या टोकाला. पण दिसायला हवं."

मुत्तूला आणता येत नव्हतं. आरसा लावून बघितला; कुठंकुठं लागू पडतो तो. काशीने स्वतःकडे बघितलं आणि पाठ फिरवली. मला त्यात नवल वाटलं नाही. मीसुद्धा खोलीतला आरसा हल्ली टाळायचे.

दुसऱ्या दिवशी गेले तर अंगणाच्या टोकाला घोडा उभा! लाल-सोनेरी झूल, आरशाच्या टिकल्या, मानेवर गोंडे. पोय्क्काल कुदिरै, म्हणजे खोट्या पायांचा घोडा. बांबू आणि कागदाचा पोकळ घोडा कमरेला बांधून, पायांना लाकडी काठ्या लावून इकडे जत्रेत नाचतात. मराठ्यांनीच आणला म्हणतात हा नाच. काका तरुणपणी नाचायचे. माळ्यावरून काढून, झटकून त्यांनी तो खांबाला बांधला होता.

काशी कान टवकारून बघत होती. पण अर्ध्या तासात तिच्या लक्षात आलं की हा हलत नाही, आणि तिने पुन्हा भिंतीकडे तोंड केलं.

काका उठले. खांबाचे दोर सोडले, घोडा कमरेला अडकवला. काठ्या या वयात झेपणार नव्हत्या, म्हणून अनवाणीच. पंचाहत्तरीच्या घरातला माणूस, चष्मा लावलेला, कागदी घोड्याच्या पाठीतून वर आलेला!

"नाचूं काय?" त्यांनी मला विचारलं.

"नको नको! काही करायचं नाही. नुसतं दिसायचं."

काका उभे राहिले. मधूनच घोड्याची मान हलवायचे, एका पायावरून दुसऱ्या पायावर भार टाकायचे, अगदी खऱ्या घोड्यासारखं. ऊन पाठीवर आलं तरी हलले नाहीत. बऱ्याच वेळाने काशीने नाकातून एक फुरफुर सोडली, मान खाली घातली आणि गवताची पहिली काडी उचलली. काकांनी तिथूनच माझ्याकडे बघितलं.

काशीच्या पायांत बळ येईपर्यंत हा रोजचा क्रम झाला. गल्लीतले लोक विचारायचे, रायर काय करतायत? सेल्वी सांगायची, "ड्यूटी!"

*

काशी चालायला लागली. मागचा एक पाय जरा ओढते, पण वरातीला न जाणाऱ्या घोडीला तेवढं चालतं. तपासण्या झाल्यावर मुत्तू परत आला. दोघं एकमेकांची मान दातांनी खाजवत अशी उभी राहिली की मी बॅगेत काहीतरी शोधायला लागले.

"पण तो आहे अजून आत," मी काकांना आठवण करून दिली. "पुन्हा निजलाय. पुन्हा उठू शकतो."

"राहूं दे," काका म्हणाले. "येवढें घर आहे. एक निजलेला असला, तर तेवढीच सोबत!"

*

आता शेवटचा किस्सा.

यंदा माझ्या डाव्या बरगडीवर आग उठली. आधी वाटलं काही चावलं. मग पुरळ आलं, पाठीपर्यंत पट्टा. नागीण! म्हणजे पुन्हा तेच कुटुंब. लहानपणी मिरजेत मला कांजिण्या झाल्या होत्या. तेव्हापासून हा माझ्या नसांत निजलेला होता. मिरजेचा पाहुणा! माझ्याबरोबर पुणे करून इथवर आला, आणि इथे येऊन जागा झाला. कशाने, ते मी काकांना शिकवलं होतंच.

सेल्वी तेव्हा पोटुशी, आणि तिला कांजिण्या कधी झालेल्या नाहीत. मोठ्या डॉक्टरांनी मला सक्तीने घरी बसवलं. घरमालकीणबाईंनी, नागिणीला इकडे म्हणतात तसं, 'अक्की, अक्की' म्हणत जिन्याच्या दाराला कडुनिंबाचे डहाळे लटकवले. इकडे ती खूण, या घरात देवी आलीय, लांबून जा. गल्ली लांबून जायला लागली. सेल्वीचा नवरा डबा पायरीवर ठेवायचा आणि मी तो जवळजवळ तसाच परत ठेवायचे. घास फिरायचा तोंडात. आई फोनवर म्हणाली, "ये निघून, पुरे झालं." मीही ठरवून टाकलं. मोठ्या डॉक्टरांना सांगितलं की करार संपला की मी मिरजेला जाईन. ते म्हणाले, "ओके." एवढंच. मग मी भिंतीकडे तोंड करून पडून राहिले.

एका सकाळी खिडकीचा पडदा सारायला उठले. समोर बंद शिंपीदुकानापुढे घडीची खुर्ची टाकून, उघडी छत्री धरून, शेजारी कॉफीचा थर्मास ठेवून रायरकाका बसले होते. तोंड माझ्या खिडकीकडे. मला वाटलं, बसची वाट बघत असतील. बस आली, गेली. दुसरी आली, गेली. ऊन छत्रीच्या खाली उतरलं तरी काका तिथेच. मधूनच एका मांडीवरून दुसऱ्या मांडीवर भार टाकायचे.

शेवटी मी खिडकी उघडली आणि ओरडले, "रायरकाका! तिथं उन्हात काय करताय?"

काकांनी मान वर केली. छत्री जरा मागे घेतली, चेहरा नीट दिसेल अशी.

"कांहीं करायाचें नाहीं म्हणून तुम्हींच सांगितलें होतें ना!" ते रस्त्यापलीकडून ओरडले. "दिसतों आहें!"